दिंद्रुडच्या गढीची दुसरी चावी

दिंद्रुडात गेल्या वर्षापर्यंत मुकादम दोन होते. एक भागवत, माणसं ट्रॅक्टरवर घालून ऊसतोडीला नेणारा, खराखुरा. दुसरा उत्तरेश्वर. हा अर्जुनरावांच्या गिरणीत दळण टाकता टाकता पिठाने माखलेल्या अंगठ्याने मोबाईलवर त्याच माणसांना लढाईला धाडायचा. आता एकच उरलाय. कोणता, ते सांगायला नको; कसा, ते मात्र पोटात ठेवण्यासारखं नाही.

उत्तरेश्वरही आधी भागवतच्याच टोळीत तोडायला जायचा. तोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते, दोघं मिळून एक कोयता. उत्तरेश्वर आणि सत्यशीला हा कोयता कधी टोळीची शान नव्हता. नवरा सावकाश, बायको तापट, आणि भागवतच्या तोंडाला दोघंही सोयीची. मग माजलगावकडच्या एका उसाच्या फडात मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढताना उत्तरेश्वरची कंबर धरली, ती धरलीच. भागवतने त्याला दवाखान्यात पोचवलं आणि परतीच्या वाटेवरच त्याच्या जागी दुसरा कोयता ठरवून टाकला. सत्यशीला गावात खुरपायला जाऊ लागली, उत्तरेश्वरला गिरणीचं काम मिळालं, आणि गिरणीत बसल्या बसल्या त्याला सापडला ‘गढीराज’.

गढीराज म्हणजे मोबाईलवरचा खेळ. गढी बांधायची, घोडे-तोफा जमवायच्या, टोळी करून दुसऱ्यांच्या गढ्या लुटायच्या. उत्तरेश्वरने टोळी काढली, नाव दिलं ‘दिंद्रुड कोयता’. फडावर दिवसभर वाकलेली माणसं संध्याकाळी कोपीत, पाचटाच्या झोपडीत, आडवी झाली की त्यात शिरू लागली. पुढे भागवतही शिरला. सगळी टोळी एका जागी हसत असताना मुकादमाला बाहेर राहवत नाही.

तिथे उत्तरेश्वरचा जन्म सार्थकी लागला. खेळात हुकूम त्याचा, मुकादमही तोच. मोळी बारीक बांधली म्हणून ज्याने त्याला चारचौघांत सोलला होता, तो भागवत आता त्याला विचारून घोडे सोडायचा. एवढ्यावर थांबला तर तो उत्तरेश्वर कसला? भागवत गावात आला, दळण घेऊन गिरणीच्या रांगेत उभा राहिला, की हा त्याला ‘मुकादम’ म्हणायचा सोडून नुसतं नावाने हाक मारू लागला.

“भागवत, काल वेशीवर तुजं एक घोडं न्हाई. झोपला होता का बे?”

रांगेतली माणसं पिशव्यांत तोंड घालून हसायची. भागवत पीठ उचलून निमूट जायचा. त्या एका हाकेवर उत्तरेश्वरची भूक भागायची, कंबर दुखायची थांबायची.

टोळीची सगळी लूट एका सामायिक कोठारात पडायची. प्रत्येकाचं थोडं थोडं त्यात होतं. सगळ्यांनी मिळून दिवाळीच्या लढाईत जिंकलेला पांढरा हत्तीही तिथेच बांधला होता. या कोठाराला चाव्या दोन. एक टोळीप्रमुखाकडे, दुसरी त्याने नेमलेल्या माणसाकडे. दोघांनी लावल्याशिवाय दार हलत नाही. शहाण्या टोळ्या दुसरी चावी दुसऱ्या गावच्या माणसाला देतात. दिंद्रुडकरांनी ती दिली सत्यशीलाला. कोयता म्हटला की नवरा-बायको. त्यातली एक चावी परक्याला द्यायची हे कुणाच्या मनालाही शिवलं नाही. भागवतसुद्धा म्हणाला, “कोयता मोडू नगंस.”

फडावर मोडलेला कोयता उत्तरेश्वरने मोबाईलवर असा सांधला. सत्यशीलाचं खातं त्याच्याच मोबाईलवर, पासवर्ड दोन्हींचा एकच. तिला त्यातलं अक्षर माहीत नव्हतं.

पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, आणि टोळी गावात परतली. त्याच आठवड्यात टोळीतल्या बजरंगच्या नावाने खेळात निरोप आला, की आपली टोळी मराठवाड्यात पहिली येते आहे, लिंकवर जाऊन मत द्या, दुसऱ्या चावीवाल्याचंही लागेल. उत्तरेश्वरने गव्हाचं दळण पडता पडता दोन्ही खात्यांची नावं आणि पासवर्ड तिथे भरले, वर बजरंगला शाबासकी कळवली. बजरंगचं खातं आदल्याच दिवशी कुणीतरी पळवलं होतं. बजरंगला वाटत होतं, रेंज नाही.

दळण संपेपर्यंत कोठार झाडून नेलेलं होतं. तोफा गेल्या, घोडे गेले, हत्ती गेला. चोराचं तेवढ्याने भागलं नाही. उत्तरेश्वरच्या नावाने त्याने एकेकाला टोळीतून हाकलला, आणि प्रत्येकाला निरोप ठेवला, ‘तुझी गरज नाही. घरी बस.’

भागवतने तो निरोप पारावर मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना त्याचा चेहरा लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखा होता.

गिरणीत मग रोज पंचायत.

“हत्ती कुणाला इकलास बे?”

“इकला न्हाई. खातं चोरलं माजं.”

“एक चावी चोरली म्हनू. दोन चाव्या एका येळी कशा चोरीला जात्यात?” हा बजरंग. स्वतःच्या खात्याचं तो चकार शब्द बोलत नव्हता. “का वैनीनं आतून कडी काढली?”

खऱ्या चोराला कुणी एक शिवी दिली नाही. तो दिसत होता कुठे? उत्तरेश्वर दिसत होता, रोज, आयता, पांढराफटक. सत्यशीलाबरोबर खुरपायला जाणाऱ्या वत्सलाबाईंनी तर पीठ घरी नेऊन पुन्हा मोजलं, आणि मोजलं हे साऱ्या गल्लीला सांगितलं.

उत्तरेश्वरने कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आलं, की दोन्ही चावीवाल्यांनी व्हिडिओ कॉलवर बोलावं. दोन्ही चाव्या आपापल्या हातात होत्या हे पटलं, तर कोठार होतं तसं भरून मिळेल. उत्तरेश्वरने ही बातमी सगळ्यांना दिली. हत्ती परत आला असता तर हुकूम परत आला असता, आणि भागवतला पुन्हा नावाने हाक मारता आली असती. त्याला दुसरं काहीच नको होतं.

राहता राहिली सत्यशीला. तिला त्याने चुलीपुढे बसवून शिकवणी सुरू केली. तुझं खेळातलं नाव वाघीण. तू रोज संध्याकाळी खेळतीस. चावी तू कुणाला दिली न्हाई.

“मी कवा खेळले?” ती म्हणाली.

“तू म्हन नुसतं. सगळ्या टोळीचं सामान हाय त्यात.”

“आन मी तितं काय बोलत होते म्हनं? वत्सलामावशी खुरपताना म्हनत होत्या, पोरं वाचून दावत्यात, लई गोड लिवतीस बाई मोबाईलवर. मला वाटलं, म्हातारी चळली.”

उत्तरेश्वर भाकरीकडे बघू लागला. तिने मोबाईल ओढून घेतला. सातवीपर्यंत शिकलेली बाई, सावकाश पण सगळं वाचते. वाघिणीने वर्षभर टोळीत लिहून ठेवलं होतं: ‘मुकादम बोलतील तेच खरं.’ ‘माझ्या मालकासारखा माणूस तालुक्यात नाही.’ ‘भागवतभाऊ, आधी आमच्या मालकांना विचारा.’ प्रत्येक ओळीपुढे हात जोडलेले. फळीवर कंबर धरलेल्या नवऱ्याला उचलताना भागवतला ज्या बाईने आईवरून शिव्या घातल्या होत्या, तिचे हे हात.

तिने तवा उतरवला, आणि त्याच्या ताटात भाकरी वाढायची राहून गेली.

कॉलच्या दिवशी गिरणीत टोळी जमली. गिरणीचा पट्टा थांबवलेला, मोबाईल वजनकाट्यावर टेकवलेला. कंपनीची मुलगी शहरी मराठीत अगदी मऊ बोलत होती. उत्तरेश्वरची तपासणी झाली, त्याने सगळं बरोबर सांगितलं. मग सत्यशीला पुढे आली. डोक्यावर पदर, पायांना रानातली माती.

“ताई, हे खातं तुम्ही स्वतः वापरत होता ना?”

उत्तरेश्वरने खाली मान घालून डोळे मिटले.

“न्हाई,” सत्यशीला म्हणाली. “मी त्याला कदी हात लावला न्हाई. माज्या नावानं हेच खेळायचे, आन माज्या नावानं हेच सोताची आरती करायचे. माज्या मालकासारखा मानूस न्हाई, आसं हेच लिवायचे.”

गिरणी असली हसली की अर्जुनराव घरातून बघायला आले. बजरंग पोत्यावर लोळला. हसण्यातून वाट काढत ती मुलगी म्हणाली, की मग दुसरी चावी ग्राह्य धरता येत नाही. कोठार मिळणार नाही. सरांचं खातं तेवढं परत चालू करून देते.

“कावून केलंस आसं?” उत्तरेश्वरने हळूच विचारलं.

“मला इचारलं का तुमी?” ती म्हणाली, आणि दाराशी ठेवलेलं खुरपं कमरेला खोचून रानात गेली.

खातं चालू झालं. उत्तरेश्वर पुन्हा टोळीप्रमुख झाला. टोळीत माणूस नाही, कोठारात दाणा नाही. भागवतने त्याच संध्याकाळी पारावर बसून नवी टोळी काढली आणि झाडून सगळे तिकडे गेले, बजरंग सगळ्यांत आधी. उत्तरेश्वरने आठवडाभर कळ काढली. मग नव्या टोळीत घ्या म्हणून विनंती धाडली.

विनंतीवर कुणीही ‘घ्या’ दाबलं की माणूस आत येतो. दळणाला येणारा प्रत्येक जण विचारण्याआधीच म्हणायचा, “मी दाबलं की. तुज्याकडं नेट न्हाई वाटतं.” उत्तरेश्वर मोबाईल बंद करून चालू करायचा, गिरणीच्या दारात जाऊन हात उंच धरायचा. मागे रांगेत कोपर कोपराला लागायचं. वत्सलाबाईंचा मोबाईल तर साधा बटणाचा, त्यासुद्धा म्हणाल्या, “मी बी दाबलं रे बाबा.”

शेवटी एका बाजाराच्या दिवशी भागवत ज्वारी घेऊन आला. रांग दारापर्यंत. उत्तरेश्वरने उठून त्याची पिशवी आपल्या हाताने उतरवली, कंबरेला रग लागली तरी. घसा खाकरला.

“मुकादम,” तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “तेवडी इनंती बघा की माजी.”

रांगेतलं कुणी हसलं नाही. सगळे भागवतकडे बघत होते. भागवतने खिशातून मोबाईल काढला, पडदा पुसला, विनंती उघडली, उत्तरेश्वरला दिसेल अशी धरली. मग मोबाईल परत खिशात घातला.

“बारीक दळ,” तो म्हणाला. “मागच्या बारीला भाकरी तुटत होती.”

उत्तरेश्वरने गिरणी सुरू केली.