जादूघरातला आजा

हुलसूरहून आमच्या गावाकडं वळलं की चढावर तानाजीचं पंपदुरुस्तीचं दुकान लागतं. हाताला ग्रीस, कपाळाला भंडारा. तसा शांत माणूस. पण खंडोबाच्या जत्रेतल्या पहिल्या नारळाचा विषय निघाला की त्याचा पाना दगडावर आपटतो.

तो नारळ फोडायचा मान त्याच्या घराण्याचा होता. आजा उद्धवराव निजामाच्या काळात रस्त्यांचे गुत्ते, म्हणजे ठेके, घ्यायचे, हैदराबादेत राहायचे. तिथं ते फ्रीमेसन या गुप्त मंडळाच्या लॉजमध्ये, म्हणजे सभाघरात, जातात, अशी बातमी गावात आली. लोक त्या जागेला जादूघर म्हणत. भावकीनं विचारलं, "देव बदललास का?" उद्धवराव म्हणाले, "न्हाई." "मग दार लावून आत काय करतोस?" त्यावर मात्र ते गप्प राहिले. त्या गप्पपणातून 'बाटला' हा शब्द उगवला, आणि मान चुलत घराकडं गेला.

आजा बाटला नव्हता, एवढंच तानाजीला सिद्ध करायचं होतं. बसवकल्याणहून तो हैदराबादची बस धरायचा. एका लॉजवाल्यानं दुसरीकडं धाडलं, दुसऱ्यानं तिसरीकडं. कुठं कुलूप, कुठं अर्ज, कुठं साहेब जेवायला गेलेले. बायको अंबिका वैतागली. "गिऱ्हाईक दारातून माघारी जायलाय, अन् तुमी मेलेल्याच्या मागं हिंडायलाव!"

शेवटी एका म्हाताऱ्या सेक्रेटरीनं त्याला जुन्या फोटोंच्या भिंतीपुढं नेलं. खालची उर्दू नावं वाचता वाचता सेक्रेटरीचं बोट एके ठिकाणी थांबलं. "उद्धवराव, गुत्तेदार, हुलसूर." फोटोत आज्याच्या कमरेला लॉजचा पांढरा एप्रन, डोक्याला फेटा. तानाजीनं घसा खाकरून विचारलं, "यहाँ धरम बदलना पडता क्या?"

"नै जी! हर कोई अपनी किताब पे कसम खाता. तुम्हारे दादा गीता पे खाए हुंगे. अंदर की बात बाहर नक्को बोलना, बस."

मोबाईलमध्ये फोटो घेऊन तानाजी थेट देवळात आला. भावकीतले थोरले अंकुशराव ओसरीवर बसले होते. आता मान त्यांच्या घरात. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला.

"म्हंजे जादूघरात व्हता तर! लोक नुसतं म्हणायचे. तू पुरावाच आणलास."

"अण्णा, तिथं गीतेवर शपथ घेत्यात."

"मग गावाला सांगितलं कामून न्हाई?"

"न सांगायचीच तर शपथ व्हती!"

अंकुशराव वाईट माणूस नव्हे. त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ, तो फोटो पुसून टाक. भंडाऱ्यावर हात ठिवून म्हण, आजा जादूघरात कधी गेलाच न्हाई. यंदापासून नारळ तुझा."

भंडाऱ्याचं ताट समोरच होतं. तानाजीचा हात पुढं झाला आणि मागं आला.

"आज्यानं खरी शपथ पाळली तर बाटला, अन् मी खोटी घेतली तर मानकरी?"

"तुला नारळ पायजे का भांडण?"

"दोन्ही!" तानाजी ओरडला आणि पायऱ्या उतरून गेला. फोटो पुसला नाही.

चंपाषष्ठीच्या जत्रेत नारळ अंकुशरावांनीच फोडला. खोबऱ्याचं ताट फिरत फिरत तानाजीपुढं आलं. देवाचा प्रसाद नाकारता येत नाही. त्यानं तुकडा तोंडात टाकला. खोबरं गोड होतं. त्याचाच त्याला जास्त राग आला.