निळ्या मोटारीची फिर्याद

रॉकेल, एरंडेल आणि ओला गंज हे तीन वास एकत्र आले की मला आजही एक सारवलेले अंगण दिसते. अंगणाच्या मधोमध एक लहानशी निळी मोटार उभी असते आणि तिच्या दाराशी एक बाई पदराला हात पुसत असते. नोकरीत मी याहून मोठे गुन्हे तपासले, त्यांतले कित्येक आता तपशिलासकट विसरलेही आहे. ही एक किरकोळ फिर्याद मात्र वासासकट माझ्याजवळ राहिली.

पन्नासचे दशक सरत आले होते. विदर्भ मुंबई राज्यात येऊन फार काळ लोटला नव्हता आणि ठाण्यातले निम्मे छापील कागद अजून जुन्या प्रांताच्याच नावाचे होते. सब-इन्स्पेक्टर म्हणून माझी नेमणूक सिंदी रेल्वेच्या बाजूच्या एका ठाण्यात झाली होती. बायकांचे जबाब, बायकांची झडती, हरवलेल्या मुली एवढेच काम माझ्या वाट्याला येई. त्यामुळे ठाणेदारसाहेबांनी एके सकाळी फिर्यादीचा कागद माझ्यापुढे सरकवला तेव्हा मला नवल वाटले.

"बाईसाहेब, ही चोरी तुम्ही तपासा," ते म्हणाले. "चोरी लहान, मोटारही लहान. हात बसायला बरी."

फिर्याद गावातल्या एका जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्याच्या, धाकट्या मालकांची होती. वडील वारल्यावर जिनाचा कारभार त्यांच्याकडे आला होता, पण ते बहुतेक नागपुरातच असत. वडिलांची दोन दारांची विलायती मोटार जिनाच्या आवारातल्या टिनाच्या छपराखाली ठेवलेली होती, ती चालू स्थितीत होती, गेल्या दसऱ्याला इतर वाहनांबरोबर तिचीही पूजा झाली आणि त्यानंतर ती चोरीस गेली, असे त्यांनी लिहून दिले होते. संशय कोणावर, या रकान्यात नाव नव्हते.

नाव मला बाजाराच्या दिवशी मिळाले. बांगड्या विकणारी कासारीण सगळ्या घरांत आतपर्यंत जाते. हिवाळ्याचे कोवळे ऊन होते, कपाशीच्या गाड्या करकरत जिनाकडे निघाल्या होत्या. तिने मला कडुनिंबाच्या सावलीत बोलावून घेतले.

"बाई, मोटार चोरीस गेली म्हणतात नं? थे तं बौद्धपुऱ्यात उभी हाय. फौजीच्या अंगणात." मग माझ्या मनगटाकडे पाहून म्हणाली, "चोरीची चीज कोनी दिवसाढवळ्या अंगणात घासते काय? अन् तुमी हात असे मोकळे काऊन ठेवता?"

फौजी म्हणजे लढाईच्या काळात पलटणीत मोटारचालक असलेला, आता एका व्यापाऱ्याचा ट्रक चालवणारा पन्नाशीचा माणूस. त्याने आणि त्याच्या बायकोने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. मी शिपाई आणि दोन पंच घेऊन गेले. पंच अंगणाच्या कुडाबाहेरच थांबले, तेथूनच दिसते म्हणाले.

मोटार लपवलेली नव्हती. तिच्या अंगावर नव्या निळ्या रंगाचे ओलसर तेज होते, पण रंगाखालचा इतिहास लपत नव्हता. पत्र्याला जागोजाग ठिगळे लावलेली होती. सांगाड्याचे कुजलेले लाकूड काढून गावच्या वाढयाकडून, म्हणजे सुताराकडून, बाभळीचे बसवलेले होते, बैलगाडीला बसवतात तसेच. आसनात कापूस भरून वर गोधडीच्या टाक्यांनी शिवलेले जाड कापड होते. पितळी दिवे चिंच आणि राखेने घासलेले, इतके लख्ख की त्यांत माझी टोपी उलटी दिसत होती.

फौजीने घरातून बाज बाहेर आणली. त्याची बायको दाराशीच होती.

"राहू द्या थे बाज तिथंच," ती त्याला म्हणाली. आवाजात राग नव्हता, पाऊस येणार नाही असे सांगावे तसे तिने सांगितले. "बसत नाईत थे लोकं."

बाज भिंतीला लागली. मी पंचनामा उभ्यानेच लिहिला.

"मोटार कुठून आणली?"

"जिनातून."

"विकत घेतली?"

"नाई."

"मग उचलून आणली?"

"देली म्हणून आणली." त्याने मान वर केली. "बैलजोडीनं ओढत आणली, बाई. समद्या गावानं पाह्यलं. चालू स्थितीत होती म्हणते थो मालक? इंजिन असं जाम होतं का पिस्टन सिलिंडरले चिपकून बसलं होतं. एरंडेल न् रॉकेल ओतून ठेवलं. रोज कामावरून आलो का हँडलले हात लावून पाहो. एक दिवस हाललं. ही भाकरी करून राह्यली होती. म्हटलं, हाललं. तं म्हणे, काय, म्हैस?"

"मंग काय म्हणू?" बायको म्हणाली. "झोपीतबी मोटारच. म्या म्हटलं, तिच्याशीच लगन लावा अन् मले मोकळी करा."

शिपायाला हसू आले. फौजी हसला नाही.

"दिली कोणी?" मी विचारले.

तो फडक्याने मोटारीचा दिवा पुसू लागला. मी समजावून सांगितले. पावती नाही, देताना पाहिलेला साक्षीदार नाही, देणाऱ्याचे नाव नाही. अशा वेळी चोरीचा माल जवळ बाळगल्याचा गुन्हा सरळ उभा राहतो. शिक्षा झाली तर मोटार जाईल, लायसन जाईल आणि लायसनवर चालणारे घर जाईल.

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "नाव नाई सांगत. जबान देली हाय."

मोटार जप्त करून ठाण्यात न्यायची होती. ती ओढून न्यायला तो तयार होईना. जायचेच तर स्वतःच्या पायाने जाईल, असे म्हणून त्याने डब्यातले पेट्रोल टाकीत ओतले, हँडल फिरवले, आणि ती लहानशी चीज आधी शिंकली, मग खोकली, मग एका लयीत बोलू लागली. नियमाप्रमाणे शिपायाने शेजारी बसायला हवे होते. तो म्हणाला, मी सायकलवर येतो. मी ठाण्याच्या दमणीत, त्या हलक्या बैलगाडीत, बसून मागे निघाले. अशा रीतीने ती मोटार पहिल्यांदा रस्त्यावर धावली ती मुद्देमाल म्हणून. शेजारचे आसन रिकामेच राहिले.

ठाण्यात फौजीला दोन दिवस चौकशीसाठी बोलावले. कोपऱ्यात जमिनीवर बस म्हटले तर बसेना, स्टुलावर बस असे कोणी म्हणेना, म्हणून तो उभाच राही. उत्तरे तीच. संशयितांची गप्प बसण्याची तऱ्हा पोलिसांना हळूहळू ओळखता येते. खोटे बोलणारा गप्प बसला की त्याचे डोळे दार शोधतात. याचे डोळे खिडकीतून मोटारीकडे जात, आणि ती उन्हात उभी आहे एवढीच त्याला काळजी दिसे.

"साहेब, तिले सावलीत लावा नं. रंग कच्चा हाय," तो ठाणेदारसाहेबांना म्हणाला.

"आधी तू सावलीत कसा राहशील ते बघ," साहेब म्हणाले. पण त्यांनी मोटार चिंचेखाली लावून घेतली.

त्या दिवशी संध्याकाळ होण्याआधी मी मुद्देमालाची यादी ताडून पाहत होते. डावे दार उघडले आणि रंग, तेल, कापूस या सगळ्यांच्या तळातून एक वेगळाच वास आला. आंबलेल्या दुधाचा, जुन्या उदाचा आणि तळघरातल्या मातीचा. दाराची आतली बाजू खालच्या अंगाला रंगवलेली नव्हती. तेथे पाच पिवळी बोटे उमटलेली होती. हळदीची, जुनी, एकावर एक पुष्कळदा उमटवलेली.

दसऱ्याला वाहनाची पूजा होते तेव्हा हळदकुंकू बाहेरून, समोर लावतात. आत, जमिनीलगत कोण लावील? मी माझी बोटे त्या बोटांवर ठेवली. ती माझ्याच मापाची होती.

फौजीची बायको त्याचा डबा घेऊन आली होती. मी तिला विचारले.

"थे मीच घासू नाई देलं," ती म्हणाली. "मोटारीत अर्ध्याच्या वर मातीच होती. टोपल्यानं काढली. लाह्या निंगाल्या, कापसाच्या माळा निंगाल्या, अन् कात निंगाली, सापाची, हातभर. समदं काढलं. पण थे बोटं कोन्या तरी बाईच्या हाताचे हायत. पुसवलं नाई. आमी आता थे देव मानत नाई, पण बाईचा हात तं मानतो."

एवढ्यावर मला सारे कळले असे नाही, पण प्रश्न कोणाला विचारायचा ते कळले.

दुसऱ्या दिवशी मी धाकट्या मालकांच्या घरी गेले. ते बैठकीत होते. मला मातोश्रींकडून थोडी माहिती हवी, असे म्हटल्यावर ते म्हणाले, "आईला मोटारीतलं काय कळतं? ती आवारात पायसुद्धा ठेवत नाही." तरी त्यांनी मला आत जाऊ दिले. पुरुष अधिकाऱ्याला तो उंबरठा ओलांडता आला नसता.

त्यांच्या आई, थोरल्या मालकीणबाई, ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी मोटारीचे नाव काढले नाही.

"बाई, यंदा नागपंचमीची पूजा कुठं केली?"

सुपातला हात थांबला.

"यंदा भिंतीवरच काढला नागोबा," त्या म्हणाल्या.

"आणि त्याच्या आधीच्या श्रावणात?"

"थो मोटारीत राहे."

मग त्यांनी सांगितले. पती गेल्यावर मोटार टिनाखाली पडून राहिली. तिच्या तळातून वारूळ वर आले, आसनापर्यंत चढले आणि त्यात नाग येऊन राहिला. घरातल्या बाया दर पंचमीला मागच्या दाराने आवारात जात, मोटारीचे दार उघडून दूध-लाह्या ठेवत, हळदीची बोटे लावत. पुरुषांपैकी कोणी तिकडे फिरकत नसे. एका पावसाळ्यात वारूळ खचले. नाग निघून गेला होता, मागे कात राहिली. रिकामे वारूळ दारात ठेवू नये, असे त्यांचे मन सांगत होते. ते विकू तर मुळीच नये. देवाच्या जागेचा पैसा कोण घेईल? आणि गडीमाणसे त्या मोटारीला हात लावायला तयार नव्हती.

"मंग म्या फौजीले बोलावलं, मागच्या दाराशी. म्हटलं, भेव वाटते काय रे तुले? तं म्हणे, बाई, मी देव सोडले, मले आता कशाचं भेव? मले बरं वाटलं. म्हटलं, घेऊन जाय. पण पोराले माझं नाव सांगजो नको. त्याच्या बापाची मोटार म्या बौद्धपुऱ्यात देली म्हनजे थो मले जगू देनार नाई."

"बाई, तो दोन दिवस ठाण्यात उभा आहे, पण तुमचं नाव सांगत नाही. म्हणूनच त्याच्यावर चोरीचा गुन्हा लागणार आहे."

त्यांनी सूप खाली ठेवले. पदर सारखा केला. मला वाटले, आता त्या मला जायला सांगतील. त्या उठल्या आणि ज्या बैठकीत परक्या माणसांपुढे बहुधा कधीच आल्या नव्हत्या, त्या बैठकीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"आई, तू आत जा," मालक म्हणाले.

"दसऱ्याले तुवा कोन्त्या मोटारीची पूजा केली रे?"

"सगळ्या वाहनांची होते. दरवर्षी होते. मोटारीचीही झालीच असेल."

"झालीच असन? तुवा पाह्यलं होतं? दसऱ्याच्या कितीक आधी थे म्या देऊन टाकली. माझ्या हातानं देली. लिहा बाई."

मालक वाईट माणूस नव्हते. जे दरवर्षी होते तेच यंदाही झाले असणार, असे धरून त्यांनी ते लिहून दिले होते.

"त्यालाच का दिली?" त्यांनी विचारले.

"कारन थो भ्याला नाई," त्या म्हणाल्या. "अन् आताबी भ्याला नाई. माझं नाव घेतलं असतं तं दोन दिवस ठान्यात उभा राह्यला नसता."

मी जबाब तेथेच नोंदवला. फिर्याद गैरसमजातून झाली, असा अखेरचा अहवाल गेला आणि काही आठवड्यांनी मुद्देमाल परत करण्याचा कोर्टाचा हुकूम आला.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली, ती पुढे सबंध नोकरीत उपयोगी पडली. गावातल्या प्रत्येक वस्तूचे दोन इतिहास असतात, एक बैठकीत सांगितला जाणारा आणि एक माजघरात ठाऊक असलेला. फिर्याद पहिल्यातून येते, तपासाला दुसरा लागतो. आणि दिलेला शब्द पाळणारा माणूस पोलिसांना नेहमी गुन्हेगारासारखाच दिसतो, म्हणून गप्प बसलेल्या माणसाकडे दुसऱ्यांदा पाहावे.

मोटार न्यायला नवरा-बायको दोघेही आले होते. फौजीने सुपूर्दनाम्यावर सही केली, चाकांची हवा बोटाने दाबून पाहिली, चिंचेची पाने टपावरून झटकली. हँडलच्या दुसऱ्या फेऱ्याला इंजिन सुरू झाले. ठाणेदारसाहेब पायरीवर येऊन उभे राहिले. मला त्यांच्याच वाटेवरच्या एका गावात एका जबाबासाठी जायचे होते आणि दमणी अजून आलेली नव्हती.

त्याची बायको मागच्या आसनावर चढली. मग काही आठवल्यासारखी खाली उतरली आणि डावे दार तिने पूर्ण उघडले. आतल्या बाजूची पाच पिवळी बोटे उन्हात आली. एका हाताने दार धरून, दुसऱ्याने पुढच्या आसनावरच्या कापडाची सुरकुती सारखी करून, तिने माझ्याकडे पाहिले.

"बसा."