नव्या खोलीतली शेगडी

अंथुर्ण्याला आमच्या वस्तीवर सिमेंटचा स्लॅब पहिल्यांदा मी टाकला. नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. एकच खोली, पण लोखंडी दार, लोखंडी खिडकी, काचा घट्ट बसवलेल्या. मुंगीला आत शिरायला वाट नव्हती. थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला आली तेव्हा मी ठणकावून सांगितलं, तिची बाज नव्या खोलीत पडणार.

बायको म्हणाली, "जुन्या घरात राहू द्या. तितं सवय हाय समद्यांना."

"बारामतीचं व्याही बघायला येणार. त्यास्नी काय काळं झालेलं कौल दाखवू?"

माझा तोरा, दुसरं काय. पुढचं सगळं त्यातनं झालं.

नात झाली ती पौषात. थंडी अशी की सकाळी हौदाला हात लावावा वाटेना. माझी थोरली बहीण निरवांगीहून आली होती. तिनं निम्म्या गावाची पोरं न्हाऊ घातलेली, त्यामुळं तिच्यापुढं कुणाचं चालायचं नाही. सव्वा महिना खोलीत वारं शिरता कामा नये, असा तिचा हुकूम. बाजेखाली बाभळीच्या निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा आणि शेपा. खिडकीच्या फटीत तिनं चिंध्या कोंबल्या. दाराखाली पोतं मी लावलं. माझ्या हातानं.

बारशानंतर दोन दिवसांनी लेकीचं डोकं दुखायला लागलं. मळमळायचं. बाळ दूध ओढेना, दुपार झाली की मलूल. सकाळी न्हाणीत नेलं की दोघी बऱ्या असायच्या, पण ते कुणी ध्यानात घेतलं नाही. बायकोनं घेतलं.

"वन्सं, मला बी आत बसलं की गरगरतंय. विहिरीवर गेलं की उतरतंय."

"कामाचा कटाळा आला की गरगरतंच," बहीण म्हणाली.

मी हसलो. बायको पंचवीस वर्षं चुलीपुढं बसून खोकत होती. तिच्या दुखण्याला मी कधी दुखणं म्हटलंच नव्हतं.

बहिणीचं म्हणणं, बारशाला आलेल्या कुणाची तरी नजर लागली. मग मोहरी, मीठ आणि वाळल्या मिरच्या शेगडीत टाकून, दार लावून धुरी सुरू झाली. पहिल्या दिवशी फरक पडला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त. तिसऱ्या दिवशी बहीण खोकत बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि उंबऱ्यावर बसली. मी अंगणात कडबा तोडत होतो.

बायको विहिरीवरनं धुणं घेऊन आली. दाराला कान लावून लेकीला हाक मारली. एकदा, दोनदा. आतनं काही नाही.

"आवं, पोरगी हूं म्हणंना!"

"झोपली असंल," बहीण म्हणाली. "दार उघडू नगंस. आत्ताच धुरी दिलीय, वारं शिरंल."

मी विळा टाकून आलो आणि दारापुढं उभा राहिलो. बायकोच्या बाजूनं नाही, बहिणीच्या.

"थांब जरा. थंडी हाय. बाळाला बाहेर काढलं तर छाती भरंल."

"सरका."

"आगं पर..."

"सरका म्हणते न्हवं! धुराला मी तुमच्यापरास जास्त वळखते."

खांद्यानं मला ढकलून ती आत शिरली. बाळाला पदराखाली घेऊन बाहेर आली तेव्हा त्याची मान लोंबत होती. ती सरळ उन्हात जाऊन मातीत बसली. बहिणीनं ऊर बडवायला सुरुवात केली, "मारलीस गं, उघड्यावर नेऊन मारलीस!"

बायकोनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्यावर ओरडली, "उभं काय ऱ्हायलाय? लेक आणा!"

मी आत गेलो. मिरचीनं डोळे मिटले, पण त्याहून वाईट म्हणजे पायातलं बळच गेलं. लेकीला गोधडीसकट ओढत आणलं. बायको बाळाचे तळवे चोळत होती. "रड की गं बाय. रड." वस्तीवरच्या बायका गोळा झाल्या. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग बाळ मांजरीच्या पिलासारखं रडलं. लेक कुशीवर वळून ओकली आणि म्हणाली, "आयं, डोकं फुटतंय."

शेजाऱ्याच्या टेंपोतनं बारामती गाठली. डॉक्टरनं दोघींना नळीनं हवा लावली आणि मला विचारलं, खोलीला फट कुठं होती? मी म्हणालो, "एक बी न्हाय, सायेब. नवी हाय."

"कोंडलेल्या निखाऱ्याचा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. तोच विषारी."

बहीण म्हणाली, "आमची समद्यांची बाळंतपणं शेगडीवरच झाली की!"

"तुमचा धूर कौलातनं जायचा, आजी."

मग तो बायकोचा खोकला ऐकत राहिला. म्हणाला, यांचीही छाती तपासून घ्या. मी म्हणालो, "तिचं न्हेमीचंच हाय." ती दाराशी उभी होती. तिनं ऐकलं.

संध्याकाळी व्याही आले. कसं झालं, कुणाच्या ध्यानात आलं, विचारायला लागले. मी म्हणालो, "मी दार लोटून आत शिरलो म्हणून वाचल्या." बायकोनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि नातीचं दुपटं सारखं केलं. घरी आल्यावर खिडकीच्या दोन काचा मी फोडून टाकल्या. तिच्या चुलीचा धूर मात्र तसाच राहिला, तिच्या छातीसकट.

आठ महिन्यांपूर्वी ती गेली. शेवटी शेवटी बसूनच झोपायची, आडवं झालं की दम पुरायचा नाही. नात शेवटचा आठवडाभर तिच्याजवळ होती. दहाव्याला पाहुण्यांत बसून तीच सांगत होती, आबांनी मला कसं बाहेर काढलं ते. मी चहा पीत बसलो. तेव्हाही बोललो नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण एवढं नातीला वाचता येईल असं लिहिलंय. पोरी, दारात आडवा उभा होतो तो मी. तुला बाहेर काढलं ते तुझ्या आजीनं.