आक्कांनी निवडलेली खडखडी शेगडी

आमच्या घरात दिवस चालू आहे हे कळायला घड्याळ लागायचं नाही. मधल्या खोलीत आक्कांचा माग चालू असला म्हणजे दिवस चालू, असं मी धरून चालायची. माझा डावा कान बाळंतपणातल्या तापात गेला, उजव्यानंही आताशा कमीच येतं. पण खड्ड्यातल्या मागाचं कसं असतं बघा, त्याचा ठोका जमिनीतून येतो, बसल्या जागी मांडीला कळतो. त्या दिवशी सकाळी मी सोप्यात चरख्यावर कांड्या भरत होते. कांड्या म्हणजे मागावर इकडून तिकडं फिरणाऱ्या धोट्यात घालायच्या, आडव्या धाग्याच्या बारक्या नळ्या. ठोका थांबला. मला वाटलं धागा तुटला असेल, जोडत असतील, नेहमीचंच ते. मी हातातली कांडी भरून पुरी केली. दुसरी लावली… आणि हात आपोआप थांबला. एक धागा जोडायला इतका वेळ आक्कांना कधी लागला नव्हता. आत गेले तर पाय खड्ड्यात सोडलेले, समोरच्या रुळावर गुंडाळलेल्या, विणलेल्या कापडावर गाल टेकलेला, आणि धोटा मांडीवर. "आक्का, डुलकी लागली व्हय?" असं मी विचारलं. एवढंच विचारलं… दसरा होऊन गेला होता, दिवाळी यायची होती.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मी खानापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरातली, लग्न होऊन बेळगावात खासबागला या विणकराच्या घरात आले तेव्हा मला सुताचं काही कळत नव्हतं. चौथीपर्यंत शिकलेली, पुढचं वाचन-लिखाण माझं मीच केलं, पण सूत कुणी शिकवल्याशिवाय येत नाही. पहिल्यांदा चरख्यावर बसले तर धागा असा ओढला की तुटून हातात आला. आक्का मागावरून म्हणाल्या, "सुमे, धागा धराय सांगितलाय, बैलाची वेसण न्हाय." सगळं घर हसलं. मला रडू आलं, तर संध्याकाळी त्याच बाईनं मला जवळ बसवून, माझ्या बोटावर आपलं बोट ठेवून, धागा किती हलका धरायचा ते दाखवलं. तेव्हापासून मी कांड्या भरल्या आणि घरच्यांनी विणलं. थोरले भावजी गेल्यावर आक्का त्यांच्या मागावर बसल्या. गल्लीत कुजबुज झाली, बाई माणूस मागावर म्हणून. आक्का म्हणाल्या, "माग काय ईचारतोय का, कोण बसलंय म्हणून?" पुढं आमचे हेही गेले. आक्कांना मूल नव्हतं, माझा एकटा महेश, आक्कांना मोठी आई म्हणणारा, तो नोकरीवाला, त्याचं बिऱ्हाड टिळकवाडीला. खासबागच्या घरात आम्ही दोघी जावा राहिलो. मधल्या खोलीत एका बाजूला माग, दुसऱ्या बाजूला आमच्या दोन खाटा. आजूबाजूला सगळीकडं पॉवरलूम आले, आमच्यात तो एक खड्डा तेवढा राहिला.

गेल्या पावसाळ्यात आक्कांची छाती भरली. बेळगावचा पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे, भिंती घाम आल्यासारख्या ओल्या होतात. त्यात खड्ड्यात पाय सोडून बसायचं. डॉक्टर म्हणाले, खोली कोरडी ठेवा, उबदार ठेवा, आणि धूर अजिबात नको. म्हणजे कोळशाची शेगडी बाद, चूल बाद. विजेचा हीटर महेशनं आणला तर जुन्या वायरिंगनं मान टाकली. मग त्यानंच कुठून तरी शोधून काढलं, पेलेटची शेगडी. उसाचा चोथा, शेंगांची टरफलं, लाकडाचा भुसा, हे सगळं दाबून बोटाच्या पेराएवढे तुकडे करतात, ते पेलेट. ते वरच्या पेटीत ओतायचे, आतला स्क्रू थोडे थोडे पुढं सारतो, पंखा वारा घालतो, आणि धूर नळीतून भिंतीबाहेर. खोलीत नुसती ऊब. वीज बल्बाएवढी, ती इन्व्हर्टरवर भागते. शेजारची माणसं हसली, "बेळगावात काय बरफ पडाय लागलंय का, आक्का?" आक्का म्हणाल्या, "पडंल तवा तुमच्याच घरात पडू दे, माझ्यात शेगडी हाय." नवी घ्यायची ऐपत नव्हती, जुनी बघायची ठरली. आणि मला वाटलं होतं, आक्का येणार नाहीत. पण त्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या, मफलर गुंडाळून. लुगडं घ्यायला निघाल्यागत.

पहिली बघितली ती खानापूरच्या पुढं, रानातल्या एका बंद पडलेल्या होमस्टेत. काय देखणी होती! पुढं काच, पितळी कड्या. महेश मोबाइलमध्ये बघून म्हणाला, दाराच्या कडेनं बसवलेली दोरी झिजली असली तर धूर खोलीत येतो, दारात कागद धरून बघायचा असतो. गाडीत कागद मिळेना, तर आक्कांनी पिशवीतून लुगड्याच्या काठाची पट्टी काढली, दारात धरली, दार लावलं. "सुमे, ओढ." मी ओढली, पट्टी घट्ट. चांगलं होतं की दार! मग म्हणाल्या, "वरचं झाकण उघड बघू." माझी उंची आमच्या घरातल्या दांडीला न पुरणारी, मी टाचा उंच केल्या तरी झाकण कपाळाच्या वर. आक्का उंचपुरी बाई, त्यांचा हात सहज पोचत होता. तरी म्हणाल्या, "नको ही." मी चिडले, "अहो, मला पोचलं न्हाय म्हणून काय झालं? तुमी उघडा की." "मी काय मागावरनं उठून पेलेट ओतू व्हय गं? घरातली कामवाली तू." असं म्हणून हसल्या, आणि हसता हसता खोकला लागला तो गाडीत बसेपर्यंत थांबला नाही.

दुसरी निपाणीला, एका तंबाखूच्या व्यापाऱ्यांच्या बंगल्यावर. त्यांच्या मुलानं हौसेनं घेतलेली, मग तो परदेशी गेला. ही बुटकी होती, झाकण माझ्या छातीला. आक्कांनी मला झाकण उघडायला लावलं, राखेचा खण ओढायला लावलं, पाच किलोची पिशवी उचलून ओतायला लावलं. दार चांगलं, आतलं लोखंड बघायला टॉर्च लावला तर कुठं तडा नाही. पेटवून दाखवली, ज्योत पिवळी, उभी. माझ्या मनात आलं, झालं एकदाचं. आक्कांनी विचारलं, "सुमे, आवाज येतोय का गं तुला?" मी म्हणाले, "कसला आवाज? कायच न्हाय." त्या उठल्याच. "नको आमाला." व्यापारी बिचारे कानडी वळणानं म्हणाले, "अव्वा, आवाज न्हाय हाच तर तिचा गुण हाय!" आक्का म्हणाल्या, "असंल हो. घरात माणूस असल्यागत वाटाय पायजे." मी तर परतीच्या वाटेवर फुगून बसले. जन्मभर मागाच्या ठोक्यात राहिलेल्या बाईला शांत वस्तू सोसत नसेल, असं मी मनाला सांगितलं. हवेत गारठा होता, आक्का खिडकीला डोकं लावून झोपल्या होत्या, आणि त्यांची धाप मात्र मला मागच्या सीटवरूनसुद्धा दिसत होती. ही बाई अशी एकेक शेगडी नाकारत बसली तर पाऊस काय थांबणार आहे तिच्यासाठी… असं सारखं मनात येत होतं.

तिसरी संकेश्वरला, हायवेच्या कडेला, जुन्या सामानाच्या यार्डात. तिथले चाचा पेलेटही विकायचे, साखर कारखान्याच्या चोथ्यापासून बनवलेले. शेगडी म्हणजे काय सांगू… एक पाय बदललेला, रंग उडालेला, काचेच्या कोपऱ्यावर काळा डाग. मी नाक मुरडलं. चाचा म्हणाले, "सूरत मत देखो, अव्वा, पेटवून बघा की." पेटवली, तर पंखा असा खडखडला की पत्र्याच्या डब्यात खडे घालून कुणी हलवतंय. चाचा वरमले, म्हणाले, बेअरिंग बदलून देतो, दोन दिवसांत गप बसेल. आक्का म्हणाल्या, "न्हाय न्हाय, हात लावू नका. काय मोडंल का त्यानं?" "मोडत न्हाय, नुस्ता वरडतो." मग पट्टी धरून झाली, माझ्याकडून झाकण, खण, पिशवी, सगळं करून झालं. शेवटी मला यार्डाच्या पार दुसऱ्या टोकाला पाठवलं आणि स्वतः शेगडीजवळून हात करून विचारलं, ऐकू येतंय का? मी मान हलवली. येत होतं. आक्कांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की मी चिडायचंच विसरले.

गणपतीच्या सुमाराला शेगडी मधल्या खोलीत बसली, नळी जुन्या खिडकीतून बाहेर काढली. पाऊस उघडल्यावर, एक दिवस आक्का मागावर असताना पेटवली. खोली हळूहळू अशी उबदार झाली की खाटेवरच्या गोधडीचा ओलसर वाससुद्धा गेला. आक्कांचा खोकला कमी झाल्यासारखा वाटला. मी खूश. आणि तेवढ्यात धागा तुटला. त्यांनी जोडला. परत तुटला, शेजारचा. मग एका मागून एक. ताणा, म्हणजे मागावर ताणून बांधलेले ते उभे धागे, त्यांना ओल लागते. म्हणून तर माग खड्ड्यात असतो, म्हणून तर आक्का रोज जमिनीवर पाणी शिंपडायच्या आणि ताण्याखालच्या दोरीवर पिळलेलं ओलं फडकं टाकायच्या. कोरड्या हवेत धागा कडक होतो आणि ठोका बसला की तुटतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही… इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं. पण तीन गावं फिरताना ना माझ्या ध्यानात आलं, ना महेशच्या. आक्का मात्र जराही चमकल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "बंद कर, सुमे. एवढा ताणा संपू दे. मग पेटव, बस मजेत."

"आणि तुमची छाती?"

"छाती माझी हाय. ताण्याला कोण हाय?"

मी भांडले. मी म्हणाले, कापून टाकते तुमचा ताणा. त्या म्हणाल्या, "काप की. कातर कपाटात हाय." मी कापणार नाही हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. मग आमचा एक समझोता झाला. माग बंद झाला की संध्याकाळी थोडा वेळ शेगडी लावायची, आणि त्या वेळात ताण्याखालचं फडकं वाळलं की मी उठून परत ओलं करायचं. थोडे दिवस तसं चाललं. आक्का खाटेवर तळवे शेगडीकडं करून बसायच्या, मी फडक्याकडं ये-जा करायची, आणि त्या म्हणायच्या, "बघ, राणी बसलीया आणि दासी फिरतीया." त्या ताण्यावरची शेवटची साडी अर्ध्यावर आली होती.

आक्कांचे दिवस झाल्यावर महेश म्हणाला, "आई, माग उकलून ठेवू या. आता शेगडी लाव की, थंडी यायला लागली." मी म्हणाले, असू दे. तो जवळ येऊन बसला. मग म्हणाला, तुला एक सांगायचं राहिलंय. निपाणीहून आलो ना, त्या दिवशी तू घरात गेलीस आणि मी मोठ्या आईला विचारलं, एवढी चांगली शेगडी का सोडलीस म्हणून. तर ती म्हणाली, "तुझ्या आईला ऐकाय येत न्हाय. शेगडी पेटलीया का इझलीया, तिला कसं कळायचं? मी काय सांगाय असणार हाय का तवा?"

मी उठले. शेगडीपाशी गेले, झाकण उघडलं, लावलं. टाचा उंच कराव्या लागल्या नाहीत. मग मला ते सगळं यार्ड आठवलं, ते दुरून हात करून विचारणं, आणि तो चेहरा. जिच्यासाठी शेगडी शोधतोय म्हणून मी तिच्यावर चिडत होते, ती बाई तिन्ही ठिकाणी माझ्यासाठी शेगडी शोधत होती. स्वतः त्या उबेत बसायचं नाही हे धरूनच ती घरातून निघाली होती, मफलर गुंडाळून, पुढच्या सीटवर.

मला विणता येत नाही. जन्मभर कांड्याच भरल्या. आता आमच्या गल्लीत खड्ड्यात बसणारं दुसरं कुणी नाही, तेव्हा ती साडी पुरी होणार नाही, हे मलाही कळतं. त्या दिवशी भरलेली कांडी अजून चरख्याशेजारी आहे. पण ताणा मी कापू दिलेला नाही. सकाळी जमिनीवर पाणी शिंपडते. फडकं ओलं करून, पिळून दोरीवर टाकते. शेगडीला बरेच दिवस हात लावला नव्हता, गारठ्यात शाल घेऊन बसायची. मग मार्गशीर्ष लागला, बोटं आखडायला लागली, आणि एका संध्याकाळी मला आक्कांचा आवाजच ऐकू आल्यासारखा झाला, एवढी गावं पालथी घातली ती काय शोभेला ठेवायला गं? पेलेट ओतले. पेटवली. पंखा खडखडला… आणि किती दिवसांनी त्या खोलीत काही तरी चालू आहे असं वाटलं. मागाच्या ठोक्यासारखा तो आवाज जमिनीतून येत नाही, पण येतो.

हे लिहिते आहे तेही तिथंच बसून. मधूनमधून थांबून उजवा कान तिकडं करते. खडखड चालू आहे, म्हणजे पेटलेली आहे. ऊब चांगली आहे, आक्का. आणि ऊब चांगली आहे म्हणजे फडकं वाळत आलं असणार… उठते.