पाठ करून उभी राहणारी बाई

आमच्या लालबागच्या गल्लीत रस्ता झाडणाऱ्या बाईचं नाव मला ठाऊक नाही. बायको गेली, तिनं आणलेलं कुत्र्याचं पिल्लू माझ्या गळ्यात राहिलं. ते शेजारणीच्या रांगोळीवर मुतायचं. चाळवाले म्हणाले, “आणखी एकदा केलं तर याला लांब, रे रोड स्टेशनापाशी सोडून येऊ.” मी धास्तावलो. रोज त्याला खाली न्यायचो, डोळे वटारून बघत बसायचो. ते नुसतं थरथरायचं.

बाईनं झाडू थांबवला. “बाबा, असं पोलिसासारखं बघितलं तर तुम्हाला तरी होईल का? घरात याचं मूत पुसलेलं फडकं आणा.”

दुसऱ्या दिवशी तिनं ते फडकं खांबाशी झाडलेल्या जागेवर टाकलं आणि पिल्लाकडे पाठ केली. मीही केली. पिल्लू मोकळं झालं.

अजून रोज तसाच पाठ करून उभा राहतो, ते पळून तर जाणार नाही ना म्हणून कान मागं लावून. घरात बायकोचं जिवंत तेवढंच उरलंय.