बारा दिवसांची फरशी

दहावीला बीजगणितानं मला एक वर्ष घरी बसवलं होतं. चाळिशीत, परभणीतली नोकरी सांभाळून मी प्रकल्प व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम घेतला, तर पहिल्याच धड्यात तेच पुढ्यात: माणसं आणि एकाचा रोजचा वेग यांच्या गुणाकारानं कामाला भागलं की दिवस मिळतात.

त्याच उन्हाळ्यात झरीजवळच्या आमच्या गावात विहाराचं सभागृह उभं राहिलं. फरशी तेवढी राहिली होती. बुद्धपौर्णिमेला उद्घाटन, असा शब्द माझ्या वडिलांनी गावाला दिला होता. हातात आठ दिवस. वाळायचे दोन सोडले तर सहाच.

फरशीवाले मिस्त्रीमामा म्हणाले, "न्हाई जमायचं, ताई. आमी दोघंच हाव. एकोणीसशे वीस फूट काम, एकजण दिवसाला ऐंशी फूट बसवतो. बारा दिस लागतेत."

वडील खाली मान घालून बसले. मी मामांची पेन्सिल घेतली आणि फरशीच्या खोक्यावर सूत्र लिहिलं. दिवस सहा धरले, माणसं डावीकडे आणली. उत्तर आलं चार. पोखर्णीपासून पाथरीपर्यंत फोन फिरवले, पण एकच मिस्त्री मिळाला. म्हणजे तिघं.

आता काम, दिवस, माणसं, काहीच हलणार नव्हतं. उरला वेग. तोच एकटा बाजूला काढला: एकशे सात फूट.

"मामा, एकशे सात होतील?"

"कसं हुईल? माल कालवा, फरशी आणा, पाणी आणा. सारखं उठावं लागतंय."

"आणि उठावंच लागलं नाही तर?"

"मग... हुईल की!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही अकरा बाया पदर खोचून हजर. कुणी माल कालवला, कुणी फरश्या हाताशी दिल्या. मिस्त्री बसल्या जागेवरून उठले नाहीत. तरी संध्याकाळी मोजलं तर तीनशे दोन फूट, रोजच्या तीनशे वीसला अठरा कमी. उरलेलं काम, उरलेले पाच दिवस घालून मी पुन्हा मांडलं. एकशे आठ.

"एक फूट वाढला," मी सांगितलं.

"एका फुटाला कोण भितंय!" माझी काकू म्हणाली.

सहाव्या दिवशी उन्हं कलायच्या आत शेवटची फरशी बसली. बायांनी असा गलका केला की रस्त्यावरची जीप थांबली. वडील दारात उभे होते, डोळे पुसत.

मामांनी हात धुतले, ते खोकं उचललं आणि सूत्राचा तुकडा फाडून खिशात घातला. "पाथरीला पुढचं काम हाय," ते म्हणाले. "हे वाचायचं कसं, तेवढं शिकवा."