पाइनच्या सुया आणि पप्पांचा अबोला

आधी माफी मागतो. हे लिहायला मी कोण, असं वाटून दोनदा उठूनही झालं. आमच्या घरात पत्रापलीकडे कोणी काही लिहिलेलं नाही, आणि पत्रंही बहुतेक दुसऱ्याकडून लिहून घेतलेली. इकडे जर्मनीत माझ्याहून जाणती मराठी माणसं आहेत, कंपन्यांत वर्षानुवर्षं काढलेली, स्वतःची घरं घेतलेली. मी मास्टर्सचा विद्यार्थी, आणि सांगणार काय, तर एका म्हाताऱ्या बाईंच्या घराभोवतीचा कचरा. पण या शरदात त्या कचऱ्याने मला इतका वैताग दिला की तो कुठेतरी उतरवून ठेवल्याशिवाय अभ्यासाला बसवेना. गावाकडच्यांनी वाचावं, आणि माझ्यासारखे जे इकडे आले त्यांनीही वाचावं, म्हणून लिहितो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या गावातून मी निघालो ते २०१७ च्या सप्टेंबरात. पप्पा मुंबईपर्यंत येणार होते, पण ऐनवेळी म्हणाले की स्लॅबचं काम अर्ध्यावर सोडता येत नाही. पप्पा गवंडी आहेत आणि स्लॅब खरंच अर्ध्यावर सोडता येत नाही, त्यामुळे मला वाईट वाटून घ्यायचीही सोय राहिली नाही. ते फाट्यापर्यंत आले. बॅग त्यांनी स्वतः एसटीत चढवली. मग खिडकीशी येऊन, आत्ताच आठवल्यासारखं म्हणाले, "कंपनीत काईही कर. कोनाच्या घरचं काम धरू नोको."

हे वाक्य आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून आहे. माझे आजोबा गावकी करायचे. म्हणजे पाळी आली की मोठ्या घरांची अंगणं झाडायची, लाकडं फोडून द्यायची, आणि संध्याकाळी त्याच दारांबाहेर उभं राहून वरून टाकलेली भाकर घ्यायची. एके वर्षी आमच्या सगळ्या वस्तीने ते सोडलं आणि बुद्धाचा मार्ग धरला. गावाने कामाला बोलावणं बंद केलं, तरी आजोबांनी पुन्हा झाडू धरला नाही. पप्पांनी लोकांच्या भिंती बांधल्या, माड्या चढवल्या, पण काम संपल्यावर सांडलेला सिमेंटचा चुरा ते आजही मालकालाच झाडायला लावतात. त्यावरून त्यांची कामं गेलेली मला आठवतात.

एर्लांगनला आलो तर राहायला खोली मिळेना. सुरुवातीला एका सिनिअरच्या खोलीत जमिनीवर झोपलो. मग विद्यापीठाच्या ऑफिसात 'वोनेन फ्यूर हिल्फं' हा प्रकार कळला. मदतीच्या बदल्यात राहायला जागा. खोली जितके चौरस मीटर, तितके तास दर महिन्याला काम. असा हिशेब कोणाला सुचला असेल, याचं मला अजून नवल वाटतं.

माझी खोली फ्राऊ, म्हणजे श्रीमती, वाइगल यांच्या घरात निघाली, हेर्त्सोगेनआउराखच्या अलीकडच्या एका खेड्याच्या अगदी टोकाला. वय पंचाहत्तरीला टेकलेलं. यजमान वारले, मुलगी दूर हॅम्बुर्गला. त्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, आणि अजूनही समोरच्याला रांगेत उभं करत असल्यासारख्या बोलतात. पहिलं वर्ष बरं गेलं. पाण्याचे क्रेट तळघरातून वर आणायचे, रेल्वेची तिकिटं कॉम्प्युटरवर काढून द्यायची, हिवाळ्यात फाटकापर्यंतचा बर्फ ढकलायचा. घरी मी सांगितलं की एका आजींकडे राहतो, त्यांना कॉम्प्युटर शिकवतो. "मास्तर झाला म्हना की," असं पप्पा आईजवळ म्हणाले होते.

मग हे साल आलं. वसंतानंतर पाऊस नावापुरता पडला. गवत जूनमध्येच पिवळं झालं. घरामागच्या कुंपणाला लागून जंगल सुरू होतं. सगळा पाइन, काठ्या रोवाव्यात तसा. खाली वाळूची जमीन आणि तिच्यावर वाळलेल्या सुयांचा थर. ऑगस्टमध्ये गावापलीकडे या जंगलाचा एक तुकडा जळाला. फार मोठा नाही, पण आमच्या स्वयंपाकघरात धुराचा वास बरेच दिवस राहिला. इथल्या खेड्यांत फॉयरवेअर म्हणजे आगीचा बंब गावातलीच माणसं चालवतात. त्यांचा प्रमुख एरवी बेकरी चालवतो. तो जंगलाकडेच्या घरांतून फिरून सांगून गेला की शरदाचा वारा सुटायच्या आत घरं तयार करा. छपराच्या पन्हळीतल्या सुया काढा. भिंतीपासून कुंपणापर्यंत जमीन साफ ठेवा. भिंतीला टेकलेली लाकडं हलवा.

फ्राऊ वाइगल प्रत्येक वाक्याला "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत मान डोलवत होत्या. तो फाटकाबाहेर पडल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आल्झो, तर मग. लाकडं कुठेही जाणार नाहीत."

तिथून माझा छळ सुरू झाला. गावाकडे घर तयार करायचं ते पावसासाठी. मे महिन्यात पप्पा भिंतीच्या भेगा भरायचे, आई पत्र्यांवरचे दगड सारखे करायची, आणि ते काम एकदाचं संपायचं. सुयांचं काम संपतच नाही. सकाळी दाताळ्याने ओढून जमीन काळी दिसेपर्यंत साफ करावी, दुपारी क्लासहून येऊन पाहावं तर पुन्हा तांबूस. सुया बुटात, मोज्यात, कॉलरीत. मशीन डिझाइनच्या नोट्समध्येसुद्धा. पन्हळीवर शिडी लावून चढलो की फ्राऊ वाइगल खाली शिडी धरायच्या आणि वर काय चाललंय हे मला खालून सांगायच्या. भरलेली पोती त्यांच्या गाडीतून वेर्टश्टोफहोफला न्यायची. तिथे कचऱ्याचे वेगवेगळे ढीग असतात आणि ढिगांवर लक्ष ठेवणारा माणूस असतो. तो प्रत्येक पोतं उलटं करून रिकामं करायला लावायचा. सुया तिथे, पोती परत आमच्याकडे.

शिवाय फ्राऊ वाइगल माझ्यामागून येऊन मी ओढलेलंच पुन्हा ओढायच्या.

"हे झालंय," मी म्हणायचो.

"झालंय, पण सरळ नाही झालं."

आगीला सरळ रेषा लागते का, हे मला जर्मनमध्ये नीट विचारता आलं असतं. विचारलं नाही.

आणि ती लाकडं. पश्चिमेच्या भिंतीला वळचणीखाली, स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत रचलेली, खडखडीत वाळलेली. मी रोज विषय काढायचो.

"माझं लग्न झालं तेव्हापासून या भिंतीला लाकडं आहेत," त्या म्हणायच्या.

"तेव्हा पाऊस पडत असेल."

"तू इंजिनिअर होणार आहेस की विमा विकणार आहेस?"

सप्टेंबरातल्या एका दुपारी माझी बहीण सुजाताने व्हिडिओ कॉल केला. मी फोन खिडकीच्या कट्ट्यावर टेकवला आणि बोलता बोलता काम चालू ठेवलं. ती माझ्या गमबुटांना हसत होती. तेवढ्यात पप्पा कामावरून आले आणि त्यांनी फोन हातात घेतला.

"हे कोनाचं अंगण?"

"वाइगल आजींचं."

"मंग तू काऊन झाडून राह्यला?"

मी आगीचं सांगितलं, जंगलाचं सांगितलं, चौरस मीटरचंही सांगितलं. ते सांगायला नको होतं.

"शिकाले गेला का झाडाले गेला?" पप्पा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. फोन सुजाताकडे गेला.

त्यानंतर पप्पा माझ्याशी बोलायचे बंद झाले. मी फोन केला की ते साईटवर असायचे, रविवारीसुद्धा. पण मागे त्यांचा खोकला ऐकू यायचा.

"ते म्हनते, जेवला का विचार," आई सांगायची.

"आई, ते शेजारीच बसलेत ना?"

"हो. पन त्याईले तुह्याशी बोलाचं नाही."

मागून पप्पा म्हणायचे, "मी काही विचारलं नाही."

मला दोन्हीकडून वैताग आला होता. इकडे एक बाई म्हणते सरळ झाड, तिकडे एक माणूस म्हणतो झाडूच नको. पप्पांचं चुकतंय असं म्हणावं तर जीभ वळत नव्हती. आजोबांनी जे टाकून दिलं ते मी विमानाने इतक्या लांब येऊन उचललं, असं त्यांना दिसत होतं, आणि दिसत होतं त्यात खोटं काहीच नव्हतं. आता मी बीई झालेला, त्यांनी विटा वाहून शिकवलेला, आणि माझ्या हाताला दाताळ्याचे घट्टे. ही खोली सोडावी असंही मनात आलं. बऱ्याच ठिकाणी मेल केले. उत्तरं आली नाहीत. त्याहून मोठी भीती अशी की खोली बदलली तरी पप्पांचा अबोला तसाच राहील, आणि पुढे तोच आमच्यातला नेम होऊन बसेल. आमच्या घरात असे अबोले पाहिलेत मी. काकांशी त्यांचा अजून चालू आहे.

ऑक्टोबरात एकदा लाकडांवरून फ्राऊ वाइगलशी कडाक्याचं वाजलं. वारा सुटला होता आणि मी दाताळं खाली ठेवून म्हणालो की तुमच्या या सुयांपायी माझे वडील माझ्याशी बोलत नाहीत. त्यांनी कारण विचारलं. मी आजोबांचं सांगितलं, जमेल तसं.

"म्हणजे त्यांना पगार नव्हता?"

"भाकर होती. दाराबाहेर."

"दाराबाहेर का?"

मी बराच वेळ शब्द शोधले. जे सापडले ते फार लहान होते. त्यांना किती कळलं कोण जाणे. त्या म्हणाल्या, "फोन लाव. मी बोलते."

केसांत सुया, हातात स्वतःचं दाताळं, अशा अवतारात त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि मोठ्याने, सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "गुटेन टाग, हेर इंगळे. तुमचा मुलगा वाकडं ओढतो, पण मेहनती आहे. मी एकटी असते तर हे मला जमलं नसतं."

मी आईला सांगितलं, "त्या म्हणतात मी मेहनती आहे."

"एवढंच? लय बोलली ते."

मग मागून पप्पांचा आवाज आला. या वेळी आईमार्फत नाही.

"त्या घरात चहा कोन करते?"

"कधी त्या, कधी मी."

"तू सैपाकघरात जातं?"

"रोज जातो, पप्पा."

ते फोनसमोर आले. दाढी वाढलेली होती. "तुहा कप येगळा हाय का?"

हा प्रश्न त्यांच्या मनात एक वर्ष असणार, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी म्हणालो, "वेगळा नाही. सगळे एकाच कपाटात असतात. ज्याच्या हाताला जो लागेल तो."

फ्राऊ वाइगल मध्येच म्हणाल्या, "काय विचारतायत?"

"कपांबद्दल."

"सांग त्यांना, निळा तू फोडलास."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. पप्पांनी विचारलं, "मंग?"

"मग काही नाही. तुकडे दोघांनी उचलले."

"बरं," पप्पा म्हणाले, आणि फोन आईकडे गेला.

दुसऱ्या दिवशी फ्राऊ वाइगल हातमोजे घालून पश्चिमेच्या भिंतीशी आल्या आणि पहिलं लाकूड उचललं. मी हातगाडी आणली. बागेच्या दुसऱ्या टोकाच्या शेडपर्यंत लाकडं वाहायला आम्हाला आठवड्याहून जास्त लागला. त्यातही रचण्यावरून भांडणं झालीच. जाड बुंधे खाली की बारीक खाली, सालीची बाजू वर की आत. शेवटी भिंत मोकळी झाली आणि जिथे लाकडं होती तिथे रंग नव्यासारखा निघाला, तेवढाच चौकोन. त्या पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "पास्ट शो." फ्रँकनमधली, म्हणजे इथल्या भागातली, माणसं फार खूश झाली की ठीक आहे एवढंच म्हणतात.

पप्पांचा अबोला मात्र सुटला नाही. "बरं" म्हणजे काय, हे मी आईला विचारून विचारून थकलो. ती म्हणायची, बरं म्हणजे बरं. नोव्हेंबर कोरडाच गेला. आमच्या बाजूला आग लागली नाही. आम्ही झाडलं म्हणून लागली नाही, असं मी म्हणणार नाही. डिसेंबरात एकदाचा पाऊस आला आणि सुया ओल्या होऊन जमिनीला चिकटल्या. त्या ओढायला तर आणखी त्रास.

घर म्हणजे काय, हे मला ठामपणे सांगता येत नाही. जिथे दुसऱ्याचं अंगण आपल्या माथी नाही ती जागा, असं मी घरी शिकलो आणि ते मला आजही खरं वाटतं. पण क्लासमध्ये बसलेलो असताना बाहेर झाडं हलायला लागली की माझं लक्ष त्या पन्हळीकडे जातं. करारात स्पष्ट आहे की माझ्या चौरस मीटरपलीकडे तिथलं काही माझं नाही. तरी ते जळू नये असं वाटतं, आणि असं वाटतं याचाच मला वैताग येतो. ज्या घराची काळजी आपण चिडत चिडत करतो, त्याला काय म्हणायचं? पप्पांना विचारलं असतं. पण ते बोलत नव्हते.

आज सकाळी सुजाताचा मेसेज आला. पप्पांचा पासपोर्ट आला. त्यांनी अर्ज केला होता हेच मला कोणी कळवलं नव्हतं. कुणालाही न सांगता ते बुलढाण्याला जाऊन आले होते. चौकशीला पोलीस आले तेव्हा वस्तीला वाटलं की कुठे भांडण झालं, आणि सगळे दाराशी गोळा झाले. पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घालून पोलिसांना खुर्ची दिली म्हणे.

मी लगेच आईला फोन लावला. "पप्पा इकडे येणार आहेत?"

"तसंच दिसते बा."

"पण कशाला? मला घरी न्यायला, की घर पाहायला?"

"मी पन हेच विचारलं," आई म्हणाली. "तं म्हनते, ते माह्यं मी तठी जाऊन ठरवीन."